काकूंसमोर नाही

गणिताच्या सरांसमोर त्याने लगेच केली. काकूंचा स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास बसेना. सकाळपासून त्या बटण्याला, लेकीच्या कुत्र्याच्या पिल्लाला, घेऊन इमारतीच्या मागच्या आवारात फेऱ्या मारत होत्या. गवत दाखवून झालं, झाडाचा बुंधा दाखवून झाला, "कर हं राजा, कर बरं" म्हणून म्हणून घसा कोरडा पडला, आणि हा पठ्ठ्या आपला बूड टेकून त्यांच्या तोंडाकडे टकामका बघत बसलेला. शेवटी गॅसवर दूध राहिलंय अशी शंका आली, म्हणून त्यांनी पट्टा तळमजल्यावरच्या सरांच्या हातात दिला. सर शाळेतून निवृत्त झाल्यापासून सकाळभर कुंड्यांशी झटत असतात. काकू पहिला जिना चढल्या, सहज खिडकीतून खाली डोकावल्या, तर बटण्या मागचे पाय वाकवून, डोळे अर्धवट मिटून, अगदी निवांत शू करत होता. सर तिकडे बघतसुद्धा नव्हते. काकू दूध विसरून खाली आल्या. "काय केलंत तुम्ही?" त्यांनी जवळजवळ दरडावूनच विचारलं. "मी?" सर गांगरले. "काही नाही हो. टोमॅटोच्या रोपाकडे बघत होतो. किडलंय की काय म्हणून." काकूंनी पट्टा घेतला तसा बटण्या घाईघाईने उभा राहिला, कान पाडले, आणि केलेल्या शूपासून लांब सरकला. जणू ती दुसऱ्याच कुणाची होती.

आता हा अपमान म्हणायचा की काय म्हणायचं, ते काकूंना कळेना. कुत्र्याच्या पिल्लाने अपमान केला असं कुणाला सांगायची सोय नाही. पण मनाला लागलं ते लागलंच. काकूंनी उभी हयात पाळणाघर चालवण्यात घालवली होती. नोकरीला जाणाऱ्या बायका सकाळी पोरं आणून टाकायच्या, संध्याकाळी उचलून न्यायच्या, आणि 'हिची सवय काही जात नाही हो काकू' म्हणून रडकुंडीला यायच्या. काकू म्हणायच्या, "एक आठवडा द्या मला." आणि आठवड्यात सवय जायची! काकूंनी कधी कुणाला हात लावला नाही. आवाजसुद्धा चढवला नाही. त्यांची पद्धत वेगळी होती. पोराने चड्डीत किंवा सतरंजीवर केली की त्याला अलगद बोटाला धरून त्या ओल्यासमोर उभं करायचं, आपण त्याच्यासमोर उकिडवं बसायचं, आणि साखरेत घोळवलेल्या आवाजात विचारायचं, "हे कोणी केलं?" पोर म्हणणार, "मी." "मोठ्याने सांग बरं, सगळ्यांना ऐकू येईल असं." "मी." झालं. मग स्वच्छ धुवायचं, कोरडी चड्डी, गालगुच्चा. बस्स. इतर पाळणाघरांतल्या बायका चापट्या मारायच्या, अंधाऱ्या खोलीत कोंडायच्या, तसलं काही नाही. म्हणून तर लेकीने बटण्याला त्यांच्याकडे आणून सोडला. "आई, तू एवढी पोरं सुधारलीस, हे काय अवघड आहे तुला?" असं म्हणाली होती ती दारातच, चपलाही न काढता. घरात कुठेही करतो, गालिचा गेला, सोफा गेला, जावई म्हणतो शिकला नाही तर देऊन टाकायचा कुणाला तरी. "तसं नको गं," काकू म्हणाल्या होत्या, "आठवडा दे मला." आणि तेवढ्यात बटण्याने त्यांच्या पायपुसण्यावर केली होती, आणि त्या हसत उकिडव्या बसल्या होत्या, आणि साखरेच्या आवाजात म्हणाल्या होत्या, "हे कोणी केलं?" बटण्याने शेपूट हलवली होती. लेक मात्र एकदम म्हणाली होती, "मी निघते आई, उशीर होतोय."

कसला उशीर, हेही तेव्हा विचारायचं राहून गेलं. घराला रंग लावतोय म्हणाली. म्हणून तर पिल्लाला आत्ताच आणलं, म्हणाली, रंगाच्या डब्यात तोंड घालेल. पण काकूंचं नाक म्हणजे काय विचारता! पाळणाघराच्या दारातून आत शिरताना त्या डोळे मिटून सांगायच्या कुणाची चड्डी ओली आहे ते. लेकीला जवळ घेतली तेव्हा रंगाचा वास नव्हता. केसांना एक वेगळाच साबण होता, घरचा नव्हे. आणि आठवड्यासाठी आलेल्या पिल्लाबरोबर तिने त्याची गादी आणली, दोन वाट्या आणल्या, लसीची कागदपत्रं आणली, आणि थंडीतला लोकरी अंगरखा आणला. बाहेर ऊन मी म्हणत होतं. अंगरखा घडी घालून कपाटात ठेवताना काकूंच्या हाताला ते जाणवलं होतं, पण जाणवणं वेगळं आणि समजणं वेगळं. त्यांनी फोनवर विचारलंही, "सगळं ठीक ना गं बाळा?" लेक म्हणाली, "मस्त." हा 'मस्त' काकूंच्या ओळखीचा होता. कुठला ते आठवेना. मग लेक रोज फोन करून विचारी, "शिकला का?" आणि काकू म्हणत, "येतंय हळूहळू." खरं तर काही येत नव्हतं. उलट होत्याचं नव्हतं झालं होतं. आल्यावर पहिले काही दिवस बटण्या निदान समोरासमोर करायचा. आता तो काकू बघत असल्या की करायचाच नाही. आवारात तासभर ताटकळायचा, पोट टम्म, आणि घरात येऊन काकू भांड्यांना लागल्या की गुपचूप नाहीसा व्हायचा. नंतर कुठे तरी ओलं सापडायचं. पलंगाखाली. शिवणाच्या मशीनमागे. एकदा तर काकूंच्याच चपलेत, पण इतक्या नेमकेपणाने की थेंब बाहेर सांडला नव्हता.

त्या दिवशी सरांच्या टोमॅटोचा प्रसंग झाल्यावर काकूंनी घर हुंगायचं ठरवलं. गुडघे कुरकुरत होते तरी त्या चार पायांवर खोलीभर फिरल्या, आणि कपड्यांच्या कपाटाशी थांबल्या. कपाट पुढे ओढलं. मागे भिंत आणि फरशी यांच्यामधल्या सांदीत वास नुसता थरावर थर साचलेला. म्हणजे किती दिवसांपासून? फिनेलचा डबा हातात घेऊन त्या तशाच बसून राहिल्या. बटण्या दारात उभा होता. आत येईना, बाहेरही जाईना. काकूंच्या तोंडात सवयीने ते वाक्य आलं, त्यांनी ते म्हटलंही, तोच गोड आवाज, "हे कोणी केलं?" आणि बटण्या पोटावर सरपटत, दात किंचित दाखवून, हसल्यासारखं काही तरी करत त्यांच्याकडे आला आणि उलटा झाला. हे काय हसणं? काकूंना त्याच्या पोटावर हात ठेवायचा होता, पण हात पुढे झाला तसं ते पोट थरथरलं, आणि काकूंनी हात मागे घेतला. मी तर याला बोटसुद्धा लावलं नाही, त्यांच्या मनात आलं. मग हा कुणाला घाबरतोय? खोलीत दुसरं कुणी होतं का? त्यांनी खरोखरच मागे वळून पाहिलं.

जनावरांच्या दवाखान्यात डॉक्टरीण तरुण होती, बाह्या वर सारलेल्या, हातावर मांजरीचे ओरखडे. काकूंनी सगळं सांगितलं, स्वतःच्या पद्धतीसकट, जरा अभिमानानेच. डॉक्टरीण ऐकता ऐकता थांबली, त्यांच्याकडे निरखून बघायला लागली, आणि एकदम हसत सुटली. "अय्या, काकू! म्हणजे तुम्ही पाळणाघरवाल्या काकू! मी होते तुमच्याकडे. दोन वेण्या, पुढचे दात पडलेले." काकूंना आठवेना, पण त्यांनी "हो हो, किती मोठी झालीस गं" म्हटलं. "'हे कोणी केलं?'" डॉक्टरणीने हुबेहूब आवाज काढला, आणि काकूंच्या अंगावर काटा आला, कारण तो आवाज बाहेरून त्यांनी आयुष्यात प्रथमच ऐकला. "मी काय करायचे माहितीय का काकू? त्या मोठ्या खिडकीचा पडदा होता ना, जमिनीपर्यंत आलेला? त्याच्या मागे जाऊन करायचे. कित्येक महिने! तुम्ही म्हणायचात, मांजर येतंय वाटतं." ती हसत होती, तिच्या मनात काही नव्हतं, गंमत म्हणून सांगत होती. काकूही हसल्या. त्या मांजरासाठी त्यांनी खिडकीला जाळी बसवून घेतली होती. "हा बिचारा तेच करतोय," डॉक्टरीण बटण्याचे कान तपासत म्हणाली. "जागा चुकली हे त्याला कळतच नाही हो. त्याला एवढंच कळलंय की ओलं आणि काकू एकत्र आले की काही तरी भयंकर होतं. म्हणून काकूंसमोर नाही करायची." "पण मी ओरडले नाही कधी," काकू म्हणाल्या. "अहो तेच तर! ओरडला असतात तर निदान संपलं असतं." मग तिने उपाय सांगितला. घरात केली तर काही बोलायचं नाही, तो नसताना पुसून टाकायचं. बाहेर न्यायचं, पट्टा सैल सोडायचा, आणि त्याच्याकडे पाठ करून उभं राहायचं. बघायचं नाही. 'कर कर' म्हणायचं नाही. काही विचारायचं नाही. वेळ लागेल. आणि केली तरी लगेच वळायचं नाही, टाळ्याबिळ्या वाजवायच्या नाहीत. बिस्किटाचा तुकडा हातात धरून हात नुसता मागे करायचा. त्याचा तो येईल.

घरी चालत येताना काकूंना रस्ता धड दिसत नव्हता. दुकानं होती, सायकली होत्या, एक बाई फुटपाथवर खुर्ची टाकून बसली होती, आणि या सगळ्यांत तो पडदा लोंबत होता. किती पोरं पडद्यामागे गेली असतील? छे, असं कसं? सवय तर जायचीच. आया फक्त पाया पडायचं बाकी ठेवायच्या. आणि स्वतःच्या लेकीचं उदाहरण तर त्या प्रत्येकीला द्यायच्या. ती शाळेत जायला लागली तरी अंथरूण ओलं करायची. काकूंनी सकाळी तिला अंथरुणाशी उभं केलं, उकिडव्या बसल्या, विचारलं. आठवड्यात बंद. जादू! उलट पोर इतकी शहाणी झाली की घरात सगळ्यांच्या आधी उठायची, अंथरुणाची घडी घालून, आंघोळ करून तयार. "रात्री झोप लागली का गं?" म्हटलं की म्हणायची, "मस्त." हा तो 'मस्त'. काकू रस्त्यातच थांबल्या. बटण्याही थांबला. आणि मग कुठून कोण जाणे, तो पिवळा रेनकोट आठवला.

त्या वर्षी हौसेने घेतलेला, टोपीवाला, पुढे बदकाचं चित्र. आणि पोर पावसात भिजून यायची. रोज! डोक्यापासून पायापर्यंत निथळत. "अगं रेनकोट कुठाय?" "विसरले." "घरात होता ना?" "हो. विसरले." काकूंनी कपाळाला हात लावला होता; एवढी टापटिपीची पोर, सगळं जागच्या जागी, आणि नेमका रेनकोट विसरते? शाळेतल्या कुणी चिडवलं असेल बदकावरून, अशी त्यांनी समजूत करून घेतली होती. आणि मग केव्हा तरी सुट्टीत, गाद्या उन्हात टाकताना, लेकीच्या गादीवरची चादर ओढली तर खाली तो रेनकोट. बाह्या दोन बाजूंना नीट पसरलेल्या, टोपी आत दुमडलेली, बदक वर. काकू हसल्या होत्या. हसल्याच होत्या ना? 'काय बाई खेळ एकेक' असं काही तरी म्हणाल्या होत्या आणि तो झटकून खुंटीला टांगला होता. त्याला वास होता का? नाक तर तेव्हाही हेच होतं. वास होता असं आत्ता वाटत होतं, पण तो कपाटामागचा वासही असेल, तोच अजून नाकात बसलेला असेल. की वास आला होता, आणि नाकाने तो आपल्यापाशीच ठेवला, काकूंना सांगितलाच नाही? ज्याची खात्री करून घेता येत नाही अशी गोष्ट माणसाने कुठे ठेवायची? लेक तर दारात उभं राहून 'मस्त' म्हणणार. ती ताप अंगावर काढायची, कमी मार्कांचा कागद परीक्षेनंतर वर्षाने सापडायचा, आणि मैत्रिणीशी भांडण झालेलं काकूंना मैत्रिणीची आई सांगायची. 'माझ्या लेकीचा मला काडीचा त्रास नाही,' काकू चारचौघांत सांगायच्या. खरंच नव्हता. घरात कधी ओलं म्हणून सापडलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून काकू आवारात पाठ करून उभ्या राहायला लागल्या. बोलायला बरं, गप्प राहणं महाकठीण. जीभ आतल्या आत वळवळायची. समोर कुंपणाची भिंत, तिच्यावर एक गंजका नळ, शेवाळ, मुंग्यांची ये-जा. मागे पट्ट्याला हलका हिसका बसला की वाटायचं, आता वळावं, बघावं, म्हणावं शाब्बास. सरांनी दुरून हाक मारली, "काकू, भिंतीशी भांडण झालं का?" काकूंनी हाताने त्यांना गप्प बसवलं. काही होत नव्हतं. पहिल्या दिवशी नाही, नंतरही नाही. घरात मात्र सापडायचं, आणि काकू बटण्या झोपला की मुकाट्याने पुसायच्या, आणि पुसताना आपणच काही तरी लपवतोय असं वाटून इकडेतिकडे बघायच्या. पाठ करून उभं राहिल्यावर आपली पाठ किती मोठी आहे, हे त्यांना जन्मात पहिल्यांदा कळलं. पाठीला डोळे नाहीत, पण दुसऱ्याचे डोळे कळतात. ते पिल्लू आपल्याकडे बघतंय. आपण कधी वळतोय याची वाट बघतंय.

लेक न सांगता आली, संध्याकाळी, काकू आवारात असतानाच. तिच्या खांद्याला मोठी पिशवी होती आणि ती एखाद्या पाहुण्यासारखी फाटकापाशी थांबली होती. बटण्याने तिच्या अंगावर उड्या मारल्या, तिने त्याला उचललं, तोंड त्याच्या मानेत घातलं आणि जरा जास्तच वेळ तसंच ठेवलं. मग खाली सोडलं. "शिकला का?" तिने विचारलं. इतके दिवस फोनवर म्हटलेलं 'येतंय हळूहळू' काकूंच्या ओठांपर्यंत आलं. "नाही," त्या म्हणाल्या. "नाही?" "माझ्यासमोर करत नाही. लपून करतो. कपाटामागे." बोलता बोलता काकूंचा आवाज फाटला. "माझं चुकलं की काय झालं, मला काही कळत नाही बघ." लेक त्यांच्याकडे बघत राहिली. कुणीतरी आपल्याच भाषेत अचानक बोलावं आणि ओळख पटू नये, तशी. तिच्या चेहऱ्यावर काही तरी हललं, आणि काकूंनी ते नेमकं पाहिलं, तसं ते मिटलं. डोळ्यांखाली काळं होतं. केसांना तोच परका साबण. आता विचारायलाच हवं, आई आहे मी. गोड आवाज घशात तयार होता, आयुष्यभर वापरलेला, गुळगुळीत झालेला: काय झालं बाळा? कोणी केलं? पट्ट्याला हिसका बसला. बटण्या भिंतीकडच्या गवतात हुंगत होता. काकूंना दुसरं काही सुचलं नाही. त्या वळल्या आणि लेकीकडे, बटण्याकडे, दोघांकडे पाठ करून उभ्या राहिल्या.

"हे काय गं?" मागून लेक म्हणाली. "असंच करायचं सांगितलंय," काकू भिंतीला म्हणाल्या. "बघायचं नाही. बोलायचं नाही." लेक हसली असावी, किंवा नुसता श्वास सोडला असावा. नळातून एक थेंब पडला. तळमजल्यावर सरांनी दिवा लावला. काकू मुंग्यांकडे बघत होत्या आणि त्यांना एकही मुंगी दिसत नव्हती. ती निघून तर गेली नाही? पिशवी खाली ठेवल्याचा आवाज आला. "आई," लेक म्हणाली, "रंगबिंग काही लावत नाहीये आम्ही." काकूंनी जीभ दातांखाली दाबून धरली. "मी मैत्रिणीकडे राहते. खूप दिवस झाले. तिच्याकडे कुत्रा चालत नाही." थांबली. "त्याने हात उचलला, आई. एकदा नाही." काकूंची पाठ आतून हलली. वळू नकोस, त्या स्वतःला म्हणाल्या, वळलीस तर तोंड बघेल तुझं आणि म्हणेल मस्त. शेवाळाचा हिरवा डाग डोळ्यांसमोर मोठा मोठा होत गेला. "ऐकतेस ना?" "हो," काकू म्हणाल्या, आणि तो आवाज गोड नव्हता, कसलाच नव्हता, त्यांना स्वतःलाही तो ओळखू आला नाही. मग मागे रडण्याला सुरुवात झाली. आधी दाबलेलं, नाकातून, नंतर तोंड उघडं टाकून, लहान पोर रडतं तसं. हे रडणं काकूंनी कधी ऐकलं नव्हतं, आणि आपल्या पोटच्या पोरीचं रडणं आपल्या ओळखीचं नाही, या गोष्टीचं काय करायचं ते त्यांना कळेना. त्यातच केव्हा तरी वाळक्या पानांवर बारीक धार पडल्यासारखं वाटलं. की तो नळ होता? काकूंनी पदराच्या टोकाची गाठ चाचपत सोडली, बिस्किटाचा तुकडा काढला, आणि भिंतीकडे बघतच हात मागे केला, तळवा उघडा ठेवून. हात कुणासाठी केलाय हेही त्यांना धड सांगता आलं नसतं. तळव्याला काही तरी ओलं टेकलं, ऊन ऊन, आणि टेकूनच राहिलं. नाक होतं की गाल होता, कळत नव्हतं. काकू वळल्या नाहीत.